होडी लागेपर्यंत

३ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. प्रत्यक्षात तालमीच्या खोलीत कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसून लिहितेय, आणि उठले तर ही जागा आमचा ऑर्गनवाला बळकावील.

फोन तू घेत नाहीस. वहिनी म्हणाली, तुझं म्हणणं असं की मी फोनवर नुसतं हं हं करते आणि दुसऱ्या हाताने भलत्याच कुणाला तरी निरोप लिहीत असते. खोटं नाही ते. म्हणून हा कागद, दोन्ही हात गुंतवून.

बातमी अशी की मी ‘संगीत नावाडीण’ पुन्हा रंगभूमीवर आणतेय. हो, तेच, तुझं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘पाच तास आता बसतंय कोण?’ पाच तास मी करणारच नाही. अडीच तास, एक मध्यंतर. राजवाड्याचा सगळा प्रवेश उडवला, तो विनोदी वैद्य उडवला, आणि दर दोन वाक्यांनी कुणीतरी गायला लागतं त्यातली निम्मी पदंही. नव्या मुलांना मी गोष्ट एका दमात सांगते: नदीवर होडी चालवणारी एक बाई, तिच्या होडीतून पलीकडे गेलेला एक माणूस, ‘परत येईन’ हा त्याचा शब्द, आणि गावभर हसं होऊनही त्या शब्दावर बसून राहिलेली ती. मुलं विचारतात, मग येतो का तो? मी म्हणते, तालमीला वेळेवर या, कळेल.

तिसऱ्या अंकातल्या ‘दिवा विझेना’ला मात्र मी हात लावलेला नाही. पडदा पडतो, तू एकटी कंदील घेऊन पडद्यापुढे येतेस आणि त्याची वाट बघत गातेस. तुझ्या एका जुन्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणू. आमच्या नायिकेने (आम्ही तिला नावाडीणच म्हणतो, पंचविशीची आहे, गळा सोन्याचा) ते जसंच्या तसं बसवलंय. तिसऱ्या कडव्यात तू वर जातेस, पुन्हा पुन्हा तिथेच घुटमळतेस, आणि मग तो एक आक्रोश.

आत्या, तेव्हा तुझ्या मनात काय होतं? मला त्यावर सगळं नाटक उभं करायचंय. लवकर लिही.

तुझी ठकू

*

९ फेब्रुवारी

ठके,

पत्र पोचलं. गळा कुणाचा घेतला नाहीस, अक्षर मात्र नेमकं बापाचं घेतलंस.

नाटक करतेस हे ऐकून आनंद झाला. वैद्याला उडवलंस हे ऐकून त्याहून झाला. तो नट दर प्रयोगाला माझ्या वाक्यावर शिंकायचा आणि हशा घेऊन जायचा.

मनात काय होतं विचारतेस. होडी होती. खरीखुरी, लाकडाची, चाकांवरची, चार माणसांना दाद न देणारी होडी. तो परत येतो तो मोठ्या होडीतून, आठवतंय ना? ती पडद्यामागे आणायची, नदीकाठ लावायचा, आणि तोवर लोकांनी उठून चहाला जाऊ नये म्हणून मला कंदील देऊन पुढे उभी केली होती. नाटककारांनी ते पद त्यासाठीच लिहिलं. होडी लागली की सुतारबुवा मागे फळीवर दोन ठोके मारायचे, मग मी पद आवरतं घ्यायचं. तुमच्या त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी चाक अडकलं. ठोके येईनात. मी काय करणार? गात राहिले. वर गेले, खाली आले, परत वर गेले. आणि ज्याला तुम्ही आक्रोश म्हणता तो सुतारबुवांना उद्देशून होता. चारचौघांत शिवी देता येत नाही, सुरात देता येते.

एवढंच ते. यावर नाटक कसं उभं करतेस बघ बाई.

गुडघा ठीक आहे. सूनबाई जिना चढू देत नाही, लिफ्ट बंद असली की मी घरातच.

आत्या

*

१८ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. हसून हसून पुरेवाट झाली. ऑर्गनवाला तर पेटाऱ्यावरून खालीच आला.

पण तू ना, स्वतःचं मोठेपण नेहमी असं हसण्यावारी नेतेस. सत्काराच्या दिवशीसुद्धा तू व्यासपीठावर जाऊन फक्त हार टोचतोय एवढंच बोलली होतीस. बाबा म्हणाले, ‘तिच्या सांगण्यातलं अर्धं खरं, अर्धं नाटक.’ चाक अडकलं म्हणून कुणी असं गातं का? मी तुला ओळखते. जे फार आतलं असतं त्यावर तू आधी विनोद टाकतेस. तर मी पुन्हा विचारणार नाही. माझं मला कळलंय.

आता कामाचं. नदी आम्ही मागच्या मोठ्या पडद्यावर प्रकाशाने दाखवतोय. होडी वगैरे काही नाही, एक फळी आणि हलणारं पाणी. नेपथ्यवालीने पाणी इतकं सुंदर केलंय की पहिल्या दिवशी नावाडीण पदर सावरून उभी राहिली. आणि तुझं जुनं रेकॉर्डिंग मी एका जाणकाराकडून स्वच्छ करून घेतलं. खरखर, खोकले, शेवटी कुणीतरी खुर्ची आपटल्याची खटखट, सगळं काढून टाकलं. आता त्यात फक्त तू आहेस. नावाडीण कानाला लावूनच फिरते. तुझी सगळी आवर्तनं तिने मोजून बसवली आहेत, एक इकडचं तिकडे नाही.

आमच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचं नाव आम्ही ‘घड्याळ’ ठेवलंय. बोलताना माणसाकडे बघत नाहीत, मनगटाकडे बघतात. त्यांना ते पद लांब वाटतं. मी म्हटलं, प्रेक्षक येऊ देत, मग बोलू.

ठकू

*

२६ फेब्रुवारी

ठके,

बरं बाई. पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतू? तू म्हणतेस तर असेल आतलं काहीतरी. खुर्ची आपटली म्हणतेस? असेल, खुर्ची असेल.

खरं सांगू, तुझं पत्र वाचून बरं वाटलं. माणसाला या वयात कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर उगाच उतरायची घाई करू नये. ‘आता त्यात फक्त तू आहेस’ हे वाक्य मी सूनबाईला दोनदा वाचायला लावलं, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा डोक्यावरच होता, आणि तिलाही ते दिसत होतं. सून गुणाची आहे.

त्या मुलीला सांग, गाण्याआधी गरम पाणी प्यायचं आणि कुणाशी भांडायचं नाही. भांडण गळ्यात बसतं. आणि इतकं मोजू नकोस म्हणावं.

पाणी प्रकाशाचं, होडी नाही. हं. म्हणजे पडद्यामागे त्या वेळी कुणी काहीच करत नाही? मग ती बिचारी थांबलीय कुणासाठी? बरं, असो. तुम्हाला कळतं.

आत्या

*

२९ मार्च

आत्या,

काल निमंत्रितांसाठी प्रयोग केला. पहिले दोन अंक छान गेले. लोक हसले, दोन पदांना टाळ्या आल्या, पाण्याला तर आल्याच. मग तिसरा अंक, पडदा, कंदील, ‘दिवा विझेना’.

पहिल्या कडव्याला सगळे स्तब्ध. दुसऱ्याला एक खोकला. तिसऱ्या कडव्यात ती तुझ्यासारखी वर गेली, आणि मला प्रेक्षागृहात एक उजेड दिसला. मग दुसरा. मग पाच-सहा मोबाइल. कुणी वाईट नव्हतं, आत्या. कंटाळले होते, आणि ते मला विंगेतून स्पष्ट दिसत होतं. तिचा एकही सूर चुकला नाही. तो आक्रोशसुद्धा अगदी तुझा. त्यावर मागे कुणीतरी हळूच हसलं. ती आत आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मग मी रडले, आणि नेपथ्यवालीने आम्हा दोघींना पाणी दिलं.

घड्याळ म्हणाले, ‘पद काढा. पडदा पाडू नका, पाणी आहेच, सरळ त्याला आणा.’ त्यांचंही चूक नाही. आता पडदा पाडायची गरजच कुठे आहे? मे महिन्यात पहिला जाहीर प्रयोग आहे, त्याआधी ठरवायचंय. पण ते पद गेलं तर त्या नाटकात उरतं काय? पाणी आणि कपडे. मला या एका पदासाठी हे नाटक करायचं होतं. लहानपणी मी तुझ्या मांडीवर बसून ते ऐकलंय.

तू काहीतरी सांग. विनोद नको.

ठकू

*

१ एप्रिल

ठके,

तारखेकडे बघू नकोस. थट्टा करत नाही, आणि मागेही केली नव्हती.

होडी होती, बाळा. चाक अडकलं होतं. तुझ्या बापाला विचारू नकोस, तो तेव्हा पहिल्या रांगेत बसून पेंगत होता. आणि ती खटखट खुर्चीची नव्हे. ते सुतारबुवांचे दोन ठोके आहेत. स्वच्छ न केलेलं रेकॉर्डिंग असेल कुठे तर काढ आणि ऐक. ठोके पडल्यावर मी कशी लगेच समेवर आले ते बघ. माझ्या जिवात जीव आला होता.

हे लिहायला मला जड जातंय. लोक मला त्या पदासाठी ओळखतात. तुझी ती मुलगी ते कानाला लावून फिरते. म्हातारपणी मिळालेलं मोठेपण आपल्याच हाताने परत करायला मी काही संत नाही. पण माझं नाव राहिलं आणि पद गेलं तर मला ते नकोय. पद राहू दे.

आता नीट ऐक. तुझी मुलगी उत्तम गाते, मान्य. पण तिला ठाऊक आहे किती गायचं. मोजून ठेवलंय तिने. वाट बघणाऱ्या माणसाला कधी ठाऊक असतं का, कधी संपणार ते? मला ठाऊक नसायचं. एक कान पुढे लोकांकडे, एक कान मागे फळीकडे. होडी कधी दोन कडव्यांत लागायची, कधी जीव खायची. मी खरोखरच वाट बघत असायची, ठके. माणसाची नव्हे, होडीची, पण बघत असायची. आणि प्रेक्षकांना वाट बघणारा माणूस बरोबर ओळखू येतो. कशाची बघतोय हे त्यांना काय ठाऊक?

त्या मुलीने माझी वाट पाठ केली आहे. तिला तिची स्वतःची बघू दे.

रागावली असशील तर रागाव. पण उत्तर लिही.

आत्या

*

१९ एप्रिल

आत्या,

रागावले होते. खोटं कशाला बोलू? तुझ्यावर नाही, स्वतःवर. तू पहिल्याच पत्रात सरळ सांगितलंस आणि मी ते नाटकमंडळींना विनोद म्हणून वाचून दाखवलं. उंटावरून शेळ्या हाकल्या मी, आणि वर तुलाच तुझं मन समजावून सांगितलं. तीनचार दिवस कुणाशी धड बोलले नाही.

मग त्या जाणकाराकडून मूळ रेकॉर्डिंग मागवलं. त्याने टाकून दिलं नव्हतं, नशीब. मी आणि नावाडीण दार लावून ऐकत बसलो. खोकले, खरखर, आणि शेवटी खट्, खट्. आणि तू! आत्या, तू किती पटकन उतरतेस तिथून! सुटका झाल्यासारखी. नावाडीणने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही इतक्या हसलो की बाहेरून ऑर्गनवाल्याने दार वाजवलं. हसता हसता तिला एकदम कळलं. म्हणाली, ‘म्हणजे यांना माहीतच नव्हतं?’ आणि तिने रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तर आम्ही होडी केली. खरी. आमचे सुतारकाका प्लायवूडची हलकी करतो म्हणत होते, मी म्हटलं, नाही, जडच हवी. ते माझ्याकडे बघतच राहिले. आजवर त्यांच्याकडे जड वस्तू कुणी मागितली नव्हती. नेपथ्यवाली दोन दिवस फुगून बसली, मग तिनेच होडीला रंग दिला. आमची विंग अरुंद आहे, होडी वळताना कधी सहज वळते, कधी रुसते. मुद्दाम उशीर कुणी करत नाही, तेवढं मी बजावलंय. लागली की दोन ठोके.

पहिल्या तालमीला नावाडीणने विचारलं, ‘किती म्हणू?’

‘माहीत नाही.’

‘असं कसं माहीत नाही? तुम्ही दिग्दर्शक ना?’

‘सुतारकाकांना विचार.’

सुतारकाका मागून ओरडले, ‘मला विचारू नका, होडीला विचारा!’

ती घाबरली. तिसऱ्या कडव्यात तुझ्या जागा संपल्या आणि पुढे काय म्हणायचं हे तिला सुचेना. थांबली. मग एकच ओळ साधी, नुसती बोलल्यासारखी म्हणाली. परत म्हणाली. ती ओळ मी आजवर हजारदा ऐकली असेन, पण तेव्हा मी वहीत खूण करायचीही विसरले. आता ती तुझ्यासारखं अजिबात गात नाही, आत्या. तुला वाईट वाटेल का?

घड्याळांनी एका प्रयोगाची मुभा दिली आहे. दहा मे. लोकांनी पद ऐकलं तर राहील, नाहीतर दुसऱ्या प्रयोगापासून काढायचं, असं मी कबूल केलंय. तू ये. वहिनीला घेऊन ये. विंगेत तुझ्यासाठी हाताची खुर्ची ठेवते, सगळ्यांना तुला बघायचंय.

ठकू

*

२५ एप्रिल

ठके,

येते. सूनबाई आताच बॅग भरायला बसली आहे, जणू मी विलायतेला निघाले.

विंगेत खुर्ची नको. मला पुढे बसव, लोकांत. ते पद चालू असताना मी आजवर एकदाही कंदिलाच्या त्या बाजूला बसलेले नाही. आणि माझी ओळख करून देऊ नकोस. त्या मुलीला मी आल्याचं प्रयोगानंतर सांग, आधी नाही.

वाईट वाटेल का म्हणून विचारतेस. थोडं वाटेल. तेवढं मला वाटू दे.

आत्या

*

१२ मे

आत्या,

सकाळच्या गाडीने निघून गेलीस! त्या गर्दीत मला धड पायाही पडता आलं नाही, आणि तू नावाडीणच्या गालावर चापटी मारून जी गेलीस ती गेलीस. ती गाल धरून अजून फिरतेय.

पद राहिलं! घड्याळ स्वतः आत आले आणि म्हणाले, ‘राहू द्या.’ एवढंच. पण माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. पुढचे सहा प्रयोग लावलेत. मी प्रेक्षागृहात एक उजेड शोधत होते, एकसुद्धा दिसला नाही. मी फार म्हणजे फारच आनंदात आहे, आत्या. काल बाबांनी मला जेवायला वाढलं आणि मी वाटी हातात घेऊन तशीच हसत बसले.

एकच गोंधळ झाला. सुतारकाकांनी चाकांना नेमकं त्या दिवशी तेल घातलेलं, होडी सुळकन आली. दुसरं कडवं संपायच्या आत ठोके पडले. आणि नावाडीणला ते ऐकूच आले नाहीत! गात राहिली, गातच राहिली. मागे तो होडीत उभा, आम्ही सगळे श्वास धरून. शेवटी तिची ती थांबली तेव्हा पडदा वर गेला. निभावलं, पण माझ्या छातीचे ठोके वाढले. मी तिला जरा बोललेच. ती कंदिलाची काच पुसत राहिली. आता सुतारकाकांना मोठी हातोडी आणून दिली आहे, पुढच्या वेळी ऐकू येतीलच.

तुला कसं वाटलं ते लिही. सगळं लिही.

ठकू

*

१६ मे

ठके,

मोठी हातोडी परत कर.

तिला ऐकू आले होते. तू विंगेतून तिची पाठ बघत होतीस, मी तोंड बघत होते. ठोके पडले तेव्हा तिची मान इतकीशी वळली. बाकी कुणाला कळलं नसेल, मला कळलं, कारण माझीही तशीच वळायची. मला वाटलं, आता ही आवरणार. मी खुर्चीत बसल्या बसल्या समेवर आले होते. आणि ही बया कंदील या हातातून त्या हातात घेते आणि तिसरं कडवं सुरू करते! होडी आलेली तिला ठाऊक होती, ठके. तरी तिचं बघणं संपलं नव्हतं.

मला हे कधी सुचलं नाही. ठोके पडले की मी थांबायची. इतकी वर्षं इतके प्रयोग केले, पण ठोके पडल्यावर एक सूर जास्तीचा लावावा असं मला कधी वाटलं नाही. मला आधी तिचा हेवा वाटला, चांगला कडकडून वाटला, आणि मग मी रडायला लागले. शेजारी एक मुलगा बसला होता, तुझ्याहून वयाने बराच लहान. त्याने मला आपला रुमाल दिला. मळका होता, पण घेतला. त्याचेही डोळे ओलेच होते.

ते पद लोकांना थोपवून धरण्यासाठी लिहिलं होतं, ते मी तुला पहिल्याच पत्रात सांगितलं. परवा ते तेवढ्यासाठी नव्हतं. तिला बोललीस ना? मग जाऊन तिची माफी माग, आणि कुठे थांबायचं ते तिचं तिला ठरवू दे. ठोके मात्र पडू देत. ते असायला हवेत, म्हणजे तिला त्यांच्यापुढे जाता येईल.

पुढचा प्रयोग कधी आहे ते कळव. आयुष्यभर मी सगळी नाटकं फुकट पासावर पाहिली, आपला मान म्हणून. या वेळी पास पाठवू नकोस. सूनबाईला सकाळीच खिडकीवर उभी करणार आहे. मी तिकीट काढून येते.

आत्या